सांगू की नको

दवाखान्यात रिकाम्या बाटल्या आणि किस्से आपोआप साठत जातात. बाटल्या भंगारवाला नेतो, किस्से राहतात.

साठ सालच्या आसपास दिग्रसच्या अलीकडे आमचा मिशनचा छोटा दवाखाना होता. मी नर्स, योहानदादा कंपाउंडर, सगुणाबाई आया. पाळकसाहेब दर रविवारी सांगायचे, प्रभूबद्दल शेजाऱ्याला सांगा. सोमवारी आम्हा तिघांचीही दातखीळ बसायची!

*

योहानदादानं एकदा धीर केला. पुसदच्या बसमध्ये जो शेजारी बसेल त्याला शुभवर्तमानाची पुस्तिका द्यायची, असं घरून ठरवून निघाला. शेजारी बसला कापसाचा व्यापारी. दादाचा हात खिशात जायचा, रिकामाच बाहेर यायचा. पुसद आलं तरी तेच.

उतरताना व्यापारीच काळजीनं म्हणाला, "भाऊ, मघापासून खिसा चाचपून राह्यले. पाकीट मारलं काय कोनी?"

*

सगुणाबाईंना अक्षरओळख नव्हती. "मले कोन इचारते?" म्हणून त्या सुटायच्या. एकदा वॉर्डातल्या रोग्यांनी गोष्टीचा हट्ट धरला, म्हणून त्यांनी हरवलेल्या मेंढराची सांगितली. शंभरातलं एक हरवलं आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला गेला.

पाय मोडलेला एक धनगर उठून बसला. नव्याण्णव कोणाच्या भरवशावर सोडली, असं त्यानं विचारलं. व्यवहाराचाच प्रश्न होता.

सगुणाबाई म्हणाल्या, "ते मले नाही माहीत. पन हरवलेला तू असता, तं हे इचारलं असतं काय?"

*

ड्रेसिंगला येणारे एक गुरुजी छप्पननंतर बौद्ध झालेले. एक दिवस त्यांनी विचारलं, "सिस्टर, गळ्यातला क्रूस पदराखाली काहून लपवता?"

मी पट्टी गुंडाळत राहिले. मग त्यांनीच सांगितलं, की कचेरीत पहिल्यांदा धर्म विचारला तेव्हा 'बौद्ध' म्हणताना त्यांचाही घसा सुकला होता. "दुसऱ्या खेपेले कमी सुकला," ते म्हणाले.

त्यांना माझा धर्म घ्यायचा नव्हता, मला त्यांचा नाही. पण त्या दिवसापासून क्रूस पदराबाहेर आला.

*

एकदा बंजारा तांड्यावरची एक बाई बाळंतपणात अडली, म्हणून तिला दवाखान्यात आणलं. भर दुपार, डॉक्टर यवतमाळला गेलेले. मी हात धुतले आणि नेहमीसारखी डोळे मिटून मनातच प्रार्थना केली.

तिच्या सासूला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणायचे. ती जवळ आली. "बाई, डोये मिटून कोनासंग बोलून राह्यली?"

"काही नाही. थकले जरा."

तिनं लगेच आपली ओढणी जमिनीवर अंथरली आणि मला घटकाभर पडायला सांगितलं. मला इतकी लाज वाटली, की खरं ते बोलून गेले. भीती वाटते, म्हणून येशूला हाक मारत होते.

"मंग मोठ्यानं मार ना. आमालेबी आयकू दे."

मी जन्मात पहिल्यांदा परक्यांसमोर मोठ्यानं प्रार्थना केली. बाळ पायाळू होतं. तासाभरानं मुलगी रडली. आईही वाचली.

हात पुसत बाहेर आले, तर याडी कडुनिंबाखाली तांड्यातल्या बायांना सांगत होती, "ते बाई लय भेते. पन ज्याले हाक मारते ना, तो नाही भेत."