बदलून दिलेला पंप

मार्चची चौदा तारीख. चंद्रपूर, ग्राहक आयोगाची मध्यस्थीची खोली. मागणी तीन लाखांची. हजर पाच जण: मध्यस्थ मॅडम, तक्रारदार शोभाबाई, त्यांच्या वकील, पंप बनवणाऱ्या कंपनीचे वकील आणि तो विकणारा मी.

ब्रह्मपुरीत माझं कृषी केंद्र आहे. धानावर फवारायला शोभाबाईंनी माझ्याकडून बॅटरीचा पंप नेला. आठव्या दिवशी बॅटरी पाठीवरच फुटली. पाठ आणि कंबर भाजली.

महिन्याभरानं त्या फुटका पंप घेऊन आल्या. मी लगेच नवा दिला. जुना पंप आणि ग्राहकाच्या सहीचा फॉर्म पाठवला, की कंपनी विक्रेत्याला किंमत परत देते. फॉर्मवर छापलेलं होतं, 'माझी तक्रार पूर्णपणे मिटली आहे.'

शोभाबाईंनी तो वाचला. "भाऊ, याच्यात माह्या पाठीचं काईच नाई?"

"हा फक्त पंपाचा कागद हाये, बाई. पाठीचं अलग मागता येते."

त्यांनी सही केली. मी सांगितलं ते कायद्यानं खरंच होतं. सदोष वस्तू बदलून मिळणं वेगळं, तिनं झालेल्या इजेची भरपाई वेगळी. ती कंपनीकडे मागता येते, काही वेळा विक्रेत्याकडेही.

मध्यस्थीच्या दिवशी आत जाण्याआधी कंपनीचे वकील मला म्हणाले, "तुम्ही बोललात, तर आम्ही सगळं तुमच्यावर ढकलू."

आत त्यांनी सांगितलं, की जुना पंप भंगारात गेला. मग फॉर्म टेबलावर ठेवला. "सही तुमचीच ना?"

"माहीच. पण काय सांगून घेतली, ते या भाऊले विचारा."

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"आठवत नाही," मी म्हणालो.

शोभाबाई हसल्या. "बाप्पा! खताच्या पोत्याचा दहा सालाआधीचा भाव याद रायते तुमाले."



साठ हजारांवर तडजोड झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी शोभाबाईंच्या पाठीच्या ऑपरेशनचा खर्च एक लाख दहा हजार सांगितला होता.

आता पंप बदलून देताना मी फुटक्या पंपाचा फोटो ग्राहकाला देतो आणि फॉर्मवर 'फक्त पंपापुरतं' असं हातानं लिहितो. अर्धं मिनिट लागतं.

कंपनीनं शोभाबाईंना साठ हजार दिले. मला बदलीच्या पंपाचे तीन हजार चारशे, तेही आधीच. मी कुणालाच काही दिलं नाही.