तीन पक्षांचे कागद आणि साडेचारची एसटी

परवा नातीने मोबाईल पुढे धरला. कोणता पक्ष काय म्हणतो त्याचा तक्ता... शेतमालाचा भाव, वीज, टॅक्स, गुन्हेगारी, सगळं रकान्यात मांडलेलं. वर मलाच विचारते, "आजी, तू कधी अशी तुलना करून मत दिलं का गं? की आबा सांगतील ते बटण?"

मी तिसरी नापास. पण असा तक्ता आम्ही वावरात बसून केला होता... दारव्ह्याकडच्या आमच्या गावात, कापसाचं वाटोळं चाललं होतं त्या वर्षांत.

आम्ही अकरा जणी होतो. मजूर परवडत नव्हता, म्हणून नंबर लावून एकमेकींचा कापूस वेचायचो, आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. नंबर चुकवला की माझी बोलणी खावी लागायची, आणि ती कोणालाच पचत नव्हती.

दिवाळीच्या सुमारास निवडणूक आली. तीन पक्षांची माणसं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कागद वाटून गेली... एक गुलाबी, एक पिवळा, एक पांढरा. माझी सून यवतमाळची, बारावी शिकलेली. वेचायला कुचकामी, पण वाचायला खणखणीत.

दुपारी भाकरी सोडली आणि तिन्ही कागद मातीत अंथरले. वेचताना आम्ही चांगला कापूस वेगळा ठेवायचो आणि किडका, दबका, म्हणजे कवडी, वेगळी. इथंही तोच हिशेब... पटलं तर कागदावर पांढरं बोंड, नाही पटलं तर कवडी.

कापसाचा भाव तिघेही वाढवून देणार होते. "आतापर्यंत कुठी निजले होते हे बाप्पा?" आमच्यातली शेवंता म्हणाली. तिन्हींवर कवडी पडली.

मग लाईट. गुलाबी कागद फुकट देणार, पिवळा चोवीस तास देणार, पांढरा सूर्यावर चालणारे पंप आणणार. आमच्याकडे तेव्हा दिवस दिवस लाईट नसायची. मी म्हटलं, "जे येतच नाई, ते फुकट देऊन राह्यले!" पांढऱ्याला मात्र एक बोंड मिळालं. सूर्य तरी रोज येतो ना...

टॅक्सचं आम्ही सोडूनच देणार होतो. "आपन कुठी टॅक्स भरतो वं?" सून म्हणाली, भरता की, साबणावर, चहापत्तीवर, काडीपेटीवर. शेवंताच्या हातातला कप तिथंच थांबला. "म्हंजे मी रोज सरकारले चहा पाजून राह्यली?"

हसून हसून ठसका लागला सगळ्यांना. कमळी तेवढी हसली नाही. ती तांड्यावरची, वेचायला सगळ्यात चपळ आणि बोलायला सगळ्यात कमी. तिने विचारलं, "फाट्यावरच्या दारूचं लिवलं का त्याच्यात?"

सुनेने तिन्ही कागद पुन्हा वाचले. गुन्हेगारीला आळा घालू, असं तिघांनीही छापलं होतं. फाट्यावरचा चोरटा गुत्ता कोणाच्याच कागदात नव्हता.

कमळीची पोरगी दहावीत होती. साडेचारच्या एसटीने ती फाट्यावर उतरायची, आणि पिणारे वाट अडवायचे, नको ते बोलायचे. आदल्या दिवशी एकाने ओढणी ओढली होती. "सोमवारपासून शाळा बंद करते," कमळी म्हणाली. "मी इथं येचू का तिथं जाऊन उभी राहू?"

तिन्ही कागदांवर मूठ मूठ कवडी पडली.

दुसऱ्या दिवसापासून ज्या पक्षाचा माणूस येईल त्याला मी एकच सांगायला लागले. "भाऊ, भाव-बीव राहू द्या. साडेचारले फाट्यावर तुमचा मानूस उभा पाह्यजे. अकरा मतं हायेत." एक जण म्हणाला, "काकू, हे आमच्या जाहीरनाम्यात नाही बसत." म्हटलं, "मंग तुम्ही तिथं जाऊन बसा!"

आणि गंमत पाहा... तिसऱ्या दिवशी तिन्ही पक्षांची माणसं फाट्यावर हजर! दुसऱ्याला अकरा मतं जातील म्हणून एकही हलेना. इतक्या लोकांत पिणाऱ्यांनाच लाज वाटायला लागली. कमळीची पोरगी तीन झेंड्यांमधून मान वर करून चालत यायची, जणू तीच आमदार म्हणून निवडून आल्यासारखी.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी साडेचारला फाट्यावर झेंड्याची काडीसुद्धा नव्हती.

पोरगी रडत घरी आली. सकाळी कमळी म्हणाली, "उद्यापासून तिलेच येचायले आनते." माझं डोकं फिरलं... तिच्यावर नाही, स्वतःवरच. इतके दिवस परक्यांना उभं करत बसले, आणि नंबर लावायची अक्कल आमच्याकडेच होती.

म्हटलं, "कापसाचा नंबर लागते ना? तसाच फाट्याचा लावा. रोज दोघी."

मार्चच्या परीक्षेपर्यंत एक दिवस चुकला नाही. माझ्या नंबराला काठी लागायची नाही, तोंड पुरायचं. गुत्ता काही बंद झाला नाही, खोटं कशाला सांगू... नाल्यापलीकडे सरकला. पोरगी दहावी झाली. आता मारेगावला तिचं शिलाईचं दुकान आहे, आणि ब्लाऊज अजून तिच्याच हातचा घालते मी.

कमळी गेली. अकरातल्या आम्ही चौघी उरलो. हल्ली वेचायला गाडी भरून बाहेरची माणसं येतात, कोणी कोणाचं नावही विचारत नाही.

त्या निवडणुकीत कोण जिंकलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच... साडेचारच्या सुमाराला वावरात दोन ओळी रिकाम्या व्हायच्या, आणि उरलेल्या नऊ जणी आपल्या ओळीसोबत त्याही वेचून टाकायच्या.