बोंडाचं फूल

कुंड्या रंगवायला गेरू भिजवला आणि त्या ओल्या वासासरशी मी घाटंजीच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

माय चुलीत पऱ्हाटी, कपाशीच्या वाळक्या काड्या, सारत होती. एका काडीवर कापूस वेचलेलं बोंड वाळून उघडं राहिलं होतं. तिनं ते तोडलं, गेरूत बुडवलं आणि चुन्याच्या भिंतीवर दाबलं. चक्क फूल उमटलं.

"माय, असं फूल कुठं पाह्यलं तुनं?"

"पाहाले कायले लागते? बोंड हातात आलं, भिंत समोर होती."

मी सगळी भिंत भरायला निघाले, तर म्हणाली, "राहू दे. बाकीचं पुढच्या दिवाळीले. भिंत कुठं पळून चालली?"

माय गेली. भिंतही पाडली. आता मी यवतमाळात लोकांची घरं सजवते. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं, मी तशीच खोली करून देते. स्वतःचं काही सुचून वर्षं झाली.

आज माझ्याच दिवाणखान्यात शोभेला ठेवलेल्या पऱ्हाटीचं बोंड तोडलं, गेरूत बुडवून भिंतीवर दाबलं. गेरू ठरलाच नाही, ओघळत फरशीवर आला. भिंतीच्या या धुता येणाऱ्या रंगावर काहीच टिकत नाही, हे सांगूनच तर मी तो लोकांच्या गळ्यात मारते.