आईची शपथ आणि रिओचा समुद्र

मंडळी, आज सकाळी आमच्या निघोज्याच्या घरी नात ब्राझीलमधल्या रिओला जायची बॅग भरत होती. ऑफिसचं काम आहे, हॉटेल समुद्राला लागून.

ऐंशी साली पिंपरीच्या कंपनीनं मलाही तिथंच ट्रेनिंगला पाठवलं होतं. निघताना आईनं बॅगेत मेतकुटाचा डबा कोंबला आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "समुद्रात पाय घालायचा न्हाई. माझी शपथ हाय."

तीन महिने मी वाळूत बूट घालून फिरलो. सोबतचे हसायचे.

आज नातीनं पोहण्याचे कपडे बॅगेत ठेवले आणि आईचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं. ते तिथंच गिळलं.

म्हणालो, "पोरी, माझ्या वाटणीचं पण भिजून ये."

शपथ माझ्यापुरतीच होती ना, मंडळी?