वाघदऱ्याला गाडी थांबली त्या दिवशी

सुट्टीचा अर्ज पुढे केला तेव्हा बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे का?" मी म्हटलं, "नाही, गाडी थांबणार आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने सही केली. रेल्वेचं नाव निघालं की माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्यांना एव्हाना कळून चुकलंय.

बोलावणं सुनंदाचं होतं. नागपूरच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. आता ती आदिलाबादला राहते आणि किनवटच्या वाटेवरच्या वाघदरा नावाच्या खेड्यात शिकवते. तिथून पूर्वी लहान लाईनची पॅसेंजर जायची. फळ्यांचे बाक, गळकं छप्पर, दोरीने बांधलेली दारं. मग मोठी लाईन टाकायला घेतली आणि ती म्हातारी गाडी कायमची गेली. पुढे रूळ आले, लांब पल्ल्याची नवीकोरी गाडीही आली, पण वाघदऱ्याला शिट्टी देऊन पुढे निघून जायची. गावाने दरखास्तीवर दरखास्ती दिल्या, मजकूर अर्थात सुनंदाचा. शेवटी प्रायोगिक थांबा मिळाला. माणसं चढली-उतरली तर राहील, नाही तर जाईल.

तुम्हाला जायचं असेल तर नागपूरहून थेट एसटी आहे. हिंगणघाट, पांढरकवडा करत अर्धा दिवस जातो. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, पण दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस तोच असतो. आदिलाबादला स्टँडासमोर इडली आणि शेंगदाण्याची पातळ चटणी खा. चटणी पुन्हा मागितली तर पैसे पडत नाहीत, मी तीनदा मागितली. मिरची भज्यांच्या वाटेला मात्र पाणी जवळ असल्याशिवाय जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा आणि मी रिक्षाने वाघदऱ्याला पोचलो. खोलीएवढं तिकीटघर, समोर नुसती खडी. फलाट अजून व्हायचाच होता. सारा गाव हार-नारळ घेऊन रुळाशेजारी उभा, आणि सगळ्यांच्या पुढे चार टोपल्या वांगी घेऊन शेवंतामावशी.

मावशींचा मळा गावाला लागूनच. पॅसेंजर होती तोवर त्या दर बाजाराला किनवटला स्वतः बसून भाजी विकत. गाडी गेल्यावर बसवाले टोपल्या घेईनात, जीपचं भाडं परवडेना. माल बांधावरच दलालाला द्यायचा, तो म्हणेल त्या भावात. आज त्या पुन्हा आपल्या जागेवर बसणार होत्या. रात्रभर झोपल्या नव्हत्या, हे डोळ्यांवरून दिसतच होतं.

"जुनी कशी होती हो मावशी?" मी विचारलं.

"म्हातारी झालती बिचारी. खोकत खोकत ये. पण वळखत होती आमाले. टोपले चढले का, मी चढली का, पाहूनच गार्ड झेंडी दाखवे."

आणि गाडी आली. खरं सांगते, इतक्या गाड्या पाहिल्या, पण खडीवर उभं राहून, मान वर करून गाडी कधी पाहिली नव्हती. पायाखालची जमीन आधी थरथरली, मग इंजिन अंगावरून गेल्यासारखं गेलं आणि मागून डबे येतच राहिले. "अजून हायेत? अजून?" असं माझ्यामागे कुणीतरी म्हणत होतं. माझ्या अंगावर काटा आला. एवढं अवाढव्य धूड ह्या एवढ्याशा गावासाठी वेग कमी करत होतं!

घोळ तिथेच झाला. सारा गाव जुन्या गाडीचे डबे जिथे लागायचे तिथेच उभा होता. नवी गाडी लांबलचक. इंजिन पार पुढे गेलं आणि जनरल डबाही. हारवाले इंजिनाकडे पळाले, आम्ही टोपल्या उचलून डब्याकडे. खडीवरून पळून बघा म्हणजे कळेल. पायरी माझ्या कमरेच्याही वर. मी उंच, म्हणून आधी मला वर ढकललं. खालून सुनंदा आणि मावशी टोपल्या देत गेल्या, मी आत ओढत गेले. चौथी टोपली हातात आली आणि गाडी हलली.

मावशींनी दांडीला हात घातला. सुनंदाने त्यांना कमरेला मिठी मारून मागे ओढलं, आणि बरं झालं ओढलं. मी दारात, माझ्या पायाशी चार टोपल्या, आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप ती बाई खडीवर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी गाडीबरोबर पळत ओरडत होत्या, "दलालाले देऊ नोको वो! पावपाव किलोनं ईक!"

डब्यातला एक गृहस्थ पाय वर घेत कुरकुरला, "यहाँ क्यों रुकी?" मी वांग्यांकडे बोट दाखवून म्हटलं, "इनके लिए." तो हसला, आणि नंतर किनवटला दोन टोपल्या त्यानेच उतरवून दिल्या. वाटेत सागाचं जंगल लागतं, टेकड्या लागतात. एका वळणावर आपलंच इंजिन खिडकीतून दिसतं, उन्हात चमकणारं. डावीकडची खिडकी धरा. मी पाहत होते आणि मला लाज वाटत होती, कारण हे पाहायचा हक्क माझा नव्हता.

किनवटच्या बाजारात टोपल्यांची फडकी पाहून एक कांदेवाली उठूनच उभी राहिली. "हे तं वाघदऱ्याच्या शेवंताचे! जित्ती हाये का वो ते?" तिनेच मावशींची जागा दाखवली, आपलं पोतं सरकवून मोकळी करून दिली आणि तराजूही दिला. बँकेत दिवसभर नोटा मोजणारी मी, पण वांगी विकताना घाम फुटला. गिऱ्हाइकं घासाघीस करायची आणि मी लगेच कबूल व्हायचे. कांदेवालीने शेवटी मला गप्प बसवलं आणि स्वतःच भाव बोलू लागली.

दुपारी मावशी जीपने येऊन पोचल्या. टोपल्यांत चार वांगी उरली होती, तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "कशी हाये वं आतून?"

मी सांगितलं. पंखे, खिडक्या, ते वळण. त्या ऐकत होत्या, मधूनच "हो का?" म्हणत होत्या. परतीची गाडी थेट रात्री, म्हणून आम्ही जीपनेच निघालो. त्या वाटभर एकच बोलल्या, "पैल्याच दिसी माही गाडी चुकली. आता काढून तं नाई घेनार थांबा?"

नागपूरला येऊन महिना झाला. बँकेत बसल्या बसल्या मला ते डबे आठवतात, येतच राहिलेले. एवढ्या मोठ्या गाडीने चार टोपल्यांसाठी ब्रेक लावावा, याचं मला अजून नवल वाटतं. जुनीसारखी ती थांबून राहत नाही, ओळखत नाही, हे खरं. पण येते.

आज सुनंदाचा फोन आला. थांबा कायम झाल्याचा कागद अजून नाही. मावशी आता आधी स्वतः चढतात आणि टोपल्या गाव चढवतो. काल तर बाजारही नव्हता, तरी त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून खडीवर हजर.

"काऊन मावशी, आज रिकाम्याच?" सुनंदाने विचारलं.

"मंग? वांग्याईनं गाडी पाह्यली, मी कुठं पाह्यली? जीव सारा टोपल्याईतच. आज खिडकीत बसून नांदेडवरी जातो."

गाडी आली, थांबली. काल वाघदऱ्याला चढणाऱ्या त्या एकट्याच होत्या.