पाठीवर पडलेली चिप

आमचं ऑफिस बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर होतं. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि तिच्याबरोबर मॉनिटरवरच्या रेघाही. कीबोर्ड पुसला की फडक्यावर ज्वारीचं पीठ. अशा जागेत आम्ही सर्किट बोर्ड डिझाइन करायचो, आणि मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की आता जगाचे दरवाजे उघडलेत. ते खोटं नव्हतं. ज्या चिपसाठी पूर्वी मुंबईला खेटे घालावे लागत, ती आता कुरियरनं घरपोच यायची. उघड्या दारातून बाहेर कोण जाणार, हे तेवढं कुणी बोलत नव्हतं.

ऑफिसात माणसं तीनच: मालक, सर आणि मी. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा संपवून नुकतीच लागले होते. नातेवाईक भेटले की म्हणायचे, "अगं, सॉफ्टवेअरचा कोर्स कर, हे तारा जोडण्याचं काय घेऊन बसलीस?" दर दुसऱ्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि प्रत्येक क्लासच्या पाटीवर विमानाचं चित्र होतं. मला मात्र सरांच्या हाताखालीच शिकायचं होतं. सर शिकवायचे फार चांगलं आणि बोलायचे फार वाईट. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, मी कुठे बसू?" ते म्हणाले, "खुर्चीवर. टेबलं कामाला लागतात."

सर टेपच्या जमान्यातले. कॉम्प्युटर येण्याआधी बोर्डाचं चित्र हातानं बनायचं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म अंथरायची आणि तिच्यावर बारीक काळी चिकटपट्टी लावत तांब्याच्या रेघा आखायच्या. ब्लेडनं पट्टी कापून कापून सरांच्या डाव्या तर्जनीवर पांढऱ्या खुणा पडल्या होत्या. त्या काळच्या बोर्डांना तांबं एकाच बाजूला असायचं, खालच्या. चिप वरून बसायची, तिचे पाय भोकांतून खाली उतरायचे आणि तिथे सोल्डर व्हायचे. म्हणजे रेघा आखणाऱ्यानं बोर्डाकडे कायम खालूनच बघायचं. सर म्हणायचे, "मी कुठल्या चिपचं तोंड बघितलेलं नाही. आयुष्यभर नुसते तळपाय बघितले."

मालकांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा सरांनी पन्नाशी ओलांडली होती. काचेचं टेबल माळ्यावर गेलं. सर माउस शिकले, मेनू शिकले, पण त्यांना वेळ लागायचा आणि मालक केबिनच्या काचेतून तो वेळ बघत बसायचे. एक दिवस बाहेर येऊन माझ्यासमोरच म्हणाले, "सर, राग मानू नका, पण आजकाल पोरं महिन्याभरात तयार होतात. हा काट्याचा बोर्ड पहिल्या फटक्यात चालला तर तुम्ही इथेच. नाही चालला, तर मात्र दुसरीकडे बघा."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" सर म्हणाले. "खिडकीतून?"

मालक हसले, मीही हसले. संध्याकाळी जिना उतरताना सर मधेच थांबले. त्यांना धायरीची बस धरायची होती, तरी थांबले. म्हणाले, "घरी बसून काय करू गं मी? मला दुसरं काही येतच नाही." त्यांच्या तोंडून असं सरळ वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला भीती वाटली.

काटा म्हणजे वजनकाटा. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याला आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे हवे होते, आणि ते त्याच्या पसंतीला उतरले तर बाजारातले बाकीचेही घेणार होते. मालकांनी त्यासाठी परदेशातून नवी चिप मागवली होती. चारी बाजूंना पाय, पापणीच्या केसाएवढे बारीक. आणि हे पाय भोकांतून खाली जाणारे नव्हते, तांब्यावरच टेकणारे होते. चिप आणि तांबं आता एकाच बाजूला.

चिपच्या पायांखाली तांब्याच्या ज्या छोट्या छोट्या पट्ट्या लागतात, त्यांच्या आराखड्याला फूटप्रिंट म्हणतात. नेहमीच्या चिपांचे फूटप्रिंट आमच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत तयार असायचे. हिचा नव्हता. तो सरांनी बनवायला घेतला. कंपनीच्या माहितीपत्रकातली मापं घेऊन एकेक पट्टी मांडायची, दोन पट्ट्यांमधलं अंतर बसवायचं, कोपऱ्यातल्या टिंबापासून सुरुवात करून प्रत्येक पट्टीला क्रमांक द्यायचा. सर नाक स्क्रीनला लावून बसले होते. चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे फूटप्रिंट खऱ्या मापात कागदावर छापला आणि खरी चिप त्यावर ठेवली. सरांनी भिंगातून चारी बाजू बघितल्या. प्रत्येक पाय आपल्या पट्टीवर होता, केसभरही इकडेतिकडे नाही. सर म्हणाले, "बसली बघ. पाटावर नवरी बसावी तशी." मालकही भिंग घेऊन बघून गेले.

पण आमच्याकडे आणखी एक रीत होती, सरांनीच घालून दिलेली. बनवणारा एक, तपासणारा दुसरा. एकानं माहितीपत्रकातून पायाचा क्रमांक आणि काम मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं स्क्रीनवरच्या पट्टीवर बोट ठेवून बघायचं. कंटाळवाणं काम, पण सरांनी माझा एकही फूटप्रिंट असा तपासल्याशिवाय सोडला नव्हता. मी माहितीपत्रक उचलून म्हटलं, "सर, वाचू का?"

"वाचता येतं का? मग घरी जाऊन पेपर वाच."

मी तरी खुर्ची ओढली. तेवढ्यात मालक केबिनमधून ओरडले, "अगं, सरांनी केलंय ना? मग तपासायचं काय त्यात? फ्लॉपी आज भोसरीला, बोर्डाच्या कारखान्यात गेली पाहिजे!" सरांनी फ्लॉपी ड्राइव्हमधून काढली आणि मालकांच्या हातात दिली. चूक सापडली असती तर ती मालकांच्या देखत सापडली असती, आणि सरांना तेच नको होतं, असं मला आता वाटतं.

बोर्ड आले. हिरवे, चकचकीत, दृष्ट लागावी असे. सरांनी एकावर चिप सोल्डर केली, मीटरनं जोडणी बघितली आणि बटण दाबलं. आकडे उमटले नाहीत. सरांनी चिपवर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. बसला होताच चटका. बटण बंद करेपर्यंत जळका वास सुटला.

सरांनी भिंग लावून चिपच्या कोपऱ्यातलं टिंब बघितलं. मग त्यांनी आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. मग उताणा केला. मग परत पालथा. मला तेव्हा कळलं. चिपकडे वरून बघितलं तर तिच्या पायांचे क्रमांक घड्याळाच्या काट्यांच्या उलट जातात. खालून बघितलं तर सुलट. सरांनी ते सुलट दिले होते. उभा जन्म त्यांनी खालून बघितलं होतं, आणि ही चिप वरून बघायची होती. कागदावर ठेवून ते कळणार नव्हतं, कारण पट्ट्या चारी बाजूंना सारख्याच. चुकले होते ते फक्त क्रमांक. मोठ्यानं वाचलं असतं तर दुसऱ्याच क्रमांकाला कळलं असतं.

मालक आले. "काय झालं?"

"मी खालून बघितलं," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे बोर्ड भंगार."

एक शब्द बचावाचा नाही. मालकांनी तपासू दिलं नाही, हेसुद्धा म्हणाले नाहीत. मालक कपाळाला हात लावून केबिनमध्ये गेले, कारण दुसऱ्या दिवशी व्यापारी काटा बघायला येणार होता.

सकाळी मी पोचले तर सर आधीच येऊन बसलेले. त्यांनी दुसरी नवी चिप घेतली आणि ती बोर्डावर पाठीवर झोपवली, पोट वर, पाय आभाळाकडे. मेलेलं झुरळ पडतं तशी. चिप उलटी केली की तिचे क्रमांकही उलटतात आणि सरांनी मांडलेल्या पट्ट्यांशी जुळतात. फक्त पाय पट्ट्यांना टेकत नाहीत. म्हणून प्रत्येक पायापासून पट्टीपर्यंत केसासारखी तांब्याची तार सोल्डर करायची. भिंगाखाली, खालची गिरणी थरथरत असताना. गिरणीवाल्याला जरा थांबायला सांगावं म्हणून मी उठले, तर सर म्हणाले, "बस. लोकांना भाकरी लागते." जेवणाचा डबा त्यांनी उघडलाच नाही.

व्यापारी चारच्या सुमाराला आला, बरोबर गुळाची ढेप घेऊन. ढेप काट्यावर ठेवली आणि आकडे उमटले. लाल, स्वच्छ, स्थिर. व्यापाऱ्यानं ढेप उचलली, परत ठेवली, तेच आकडे. मग त्यानं वाकून बोर्डाकडे बघितलं. "अहो, ही चिप अशी उताणी का पडलीय?"

"दमलीय," सर म्हणाले. "पडू दे जरा."

व्यापारी खदाखदा हसला. काटा त्यानं पसंत केला आणि जाताना गुळाचा खडा तिघांच्या हातावर ठेवला. मला वाटलं, वाचले सर. मी मनातल्या मनात देवाला नारळसुद्धा कबूल केला.

व्यापाऱ्याची गाडी वळली आणि मालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. "सर, हे ठिगळ आहे. आजचं निभावलं. पण मी पहिल्या फटक्यात म्हटलं होतं. आणि दुसऱ्यानं तपासायचं, ही तर तुमचीच रीत ना?"

माझं डोकं फिरलं. मी दारात जाऊन म्हटलं, "साहेब, तपासायचं काय त्यात, असं तुम्हीच म्हणालात. मी कागद घेऊन बसले होते."

मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तुझं काम बघ." सर म्हणाले, "जा गं." त्यांच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. तो अजून गेलेला नाही.

शनिवार सरांचा शेवटचा दिवस ठरला. नवा फूटप्रिंट मला बनवायला सांगितला होता, त्याच खुर्चीत, त्याच कॉम्प्युटरवर. सर माळ्याखालच्या स्टुलावर बसून आपले ब्लेड, उरलेल्या टेपची रिळं, भिंग असं पिशवीत भरत होते. माझं झालं तेव्हा तपासायला या, असं मला म्हणवेना. कुठल्या तोंडानं बोलणार? सरांनीच स्टूल ओढलं आणि पिशवीतलं भिंग परत काढलं.

"वाच."

"राहू द्या ना, सर."

"वाच म्हटलं ना. रीत आहे."

मी वाचत गेले. ते पट्टीवर बोट ठेवायचे, एकदा हात पालथा करून मनाशी ताडून बघायचे आणि म्हणायचे, "आहे." पुढचा. "आहे." मधे एकदा मी अडखळले, तर म्हणाले, "पाणी पी. क्रमांक चुकवू नकोस." चारी बाजू झाल्यावर त्यांनी भिंग माझ्या टेबलावर ठेवलं. "सगळे आपापल्या जागी आहेत. आता मी उठतो." आणि ते जिना उतरून गेले. मी खिडकीतून बघितलं; ते गिरणीवाल्याशी काहीतरी बोलले, तो हसला, आणि ते बसच्या दिशेनं चालू लागले.

सोमवारी मालक हातात कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. "फूटप्रिंट झाला? या वेळेला कुणी तपासलाय की नाही?"

"सरांनी," मी म्हटलं.

त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "सरांनी बघितलंय ना? मग काय बघायचंय त्यात. पाठवून दे."

मी फ्लॉपी भोसरीला पाठवून दिली. तो बोर्ड पहिल्या फटक्यात चालला.