लांब उडीचा खड्डा आणि पाटील सर

बुधवार होता. मी नववीला लोलक शिकवत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, पाटील सर गेले. सकाळी, वळ गावी, घरीच." मुलं आंदोलनं मोजत होती. वीस झाल्यावर मी त्यांना थांबवलं.

त्यानंतर जो भेटे तो पाटलांचा एखादा किस्सा सांगे. किस्से असेच साठत जातात, माणूस असताना कुणी मोजत नाही. माझ्याकडचे हे थोडे.

*

पाटील खेळाचे शिक्षक, मी भौतिकशास्त्राचा. एकदा प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, "सर, तुमच्या पुस्तकात उडीचं काय हाय?"

"पंचेचाळीस अंशात फेकलेली वस्तू सर्वात लांब जाते."

झालं. आठवडाभर त्यांनी नववीतल्या रेश्माला पंचेचाळीस अंशात उडवलं. उंची कळावी म्हणून मी उडी घ्यायच्या फळीपुढे, शाळेच्या भिंतीपलीकडच्या पॉवरलूमचं सूत आडवं बांधलं. रेश्मा सुतावरून सुंदर जायची. उडी मात्र दीड फुटाने आखूड झाली.

"सर, तुमचं शास्त्र पोरीला वर नेतंय, पुढं न्हाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दगड कुठल्याही कोनात सारख्याच वेगाने फेकता येतो. धावणारं माणूस वर उठताना वेग घालवतं. त्याला वीस-बावीस अंश पुरतात. मी सूत खाली घेतलं.

"म्हंजी पोरगी दगड न्हाय," पाटील म्हणाले, "हे शोधायला आठ दिवस लागले."

*

रेश्माचे वडील लूमवर कामाला, आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. आईने पाटलांना सांगून टाकलं होतं, "जिल्ह्यात निवडली तर खेळू दे. नाहीतर शाळा सुटली की माझ्यासोबत कांड्या भरेल."

रेश्मा हसली. पाटील हसले नाहीत.

*

मी तिला सांगितलं, पाय सुटल्यावर हवेत काहीही केलं तरी शरीराचा मार्ग बदलत नाही.

"मग हवेत काय करू?"

"पाय पुढे ठेव. बाकी काही हातात नसतं."

पाटील म्हणाले, "घे मजा. एवढा आराम पुढं कुठं भेटायचा न्हाय."

*

एका शुक्रवारी तिची पावलं चुकायला लागली. दर वेळी पाय फळीच्या पुढे. मी वारा पाहिला, अंतर मोजलं. पाटील नुसते कान देऊन उभे होते.

"लूम बंद हायेत."

लोडशेडिंग. भिंतीपलीकडच्या खटखटीवर ती धावत होती, तिलाही ठाऊक नव्हतं. जिल्ह्याच्या मैदानावर लूम कुठून आणायचे? तेव्हापासून लाइट गेली की सराव. उन्हात कापसाचे तंतू तरंगत असायचे आणि आमच्या सगळ्या कामतघर वस्तीत जणू तिचीच पावलं ऐकू यायची.

*

जिल्ह्याला ठाण्यात शेवटच्या उडीवर तिची निवड झाली. संध्याकाळी परतलो. रेश्मा आईला सांगायला पळाली. पाटील घरी न जाता मैदानावर आले. चपला काढल्या, पँट दुमडली. पन्नाशी उलटलेला माणूस.

"सर, हे काय?"

"बघा तुम्ही."

धावले. फळीवरून उठले. मावळत्या उजेडात ते हवेत होते, आणि मला वाटलं, खाली यायची त्यांना काही घाई नाही.

वाळूत बसूनच त्यांनी विचारलं, "किती?"

"टेप रेश्माच्या पिशवीत गेली."

"मग सोमवारी मोजू. खड्ड्यात कुणाला जाऊ देऊ नका."

सोमवारी मला प्रात्यक्षिकं होती. ती उडी मोजायची राहिली.